घाटावरच्या माणसानं प्रवाळ बघायला जायचं तर

मंगळ कडक आहे म्हणून आईनं माझ्यासाठी बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीतून पोवळ्याची अंगठी करवून घेतली होती. प्रवाळ म्हणजे ते लाल, गुळगुळीत, हरभऱ्याएवढं, एवढीच माझी समज पुढं वीस वर्षं टिकली. मग एकदा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला होडीतून पाण्यात उतरलो, मास्क लावून तोंड खाली घातलं, तर दिसले तपकिरी-हिरवट गड्डे. काही फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, काही गोवरीसारखे थापलेले. वर येऊन होडीवाल्याला विचारलं, "कोरल कुठाय?" तो म्हणाला, "हेकाच कोरल म्हणतत."

अंगठीतलं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्राच्या खोल, अंधाऱ्या पाण्यातून येतं आणि ते असले खडक बांधत नाही. आपण सुट्टीत बघायला जातो ते प्रवाळ निराळं. राळ्याच्या नाहीतर ज्वारीच्या दाण्याएवढे असंख्य जीव, प्रत्येकजण आपल्याखाली चुन्याची वाटी बांधत बसलेला. जुन्या वाट्यांवर नव्या, असं हजारो वर्षं. या जिवांच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. तो तपकिरी रंगही त्या शैवालाचाच. म्हणजे ऊन पोचेल इतकं उथळ पाणी हवं, गाळ नको आणि पाणी बारमाही कोमट हवं. कुठं जायचं, कधी जायचं हे सगळं या तीन अटींवरून ठरतं, म्हणून एवढी प्रस्तावना.

हल्ली दर लग्नात बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे कोणी ना कोणी मला पंगतीत गाठतात आणि "अंदमानला जाऊ की लक्षद्वीपला?" असं विचारतात. प्रत्येकाला जिलेबी वाढेपर्यंत तेच तेच सांगून झालंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

पहिलं: कुठला खडक?

माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी मालवण. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं हिंडलगा, शिनोळी करत आंबोलीचा घाट उतरायचा, सावंतवाडी, कुडाळ आणि मालवण. साधारण दीडशे किलोमीटर, रमतगमत चार तास. तिथला समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. राहायला तारकर्ली, देवबाग, वायरी इथं घरगुती न्याहारी-निवास भरपूर. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबाचं, म्हणजे हवेचं सिलिंडर पाठीला लावून पाण्याखाली जाण्याचं, केंद्रही तारकर्लीतच आहे.

मालवणात पाणी काचेसारखं नसतं हे आधीच सांगतो. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. तरी पहिलं मालवणच म्हणतो, कारण समुद्रात तोंड घातल्यावर तुमची छाती धडधडते की तुम्हाला मजा येते, हे हजार-दोन हजारात कळतं. अंदमानला चौघांचं विमान काढून मग ते कळणं महाग पडतं. आमच्या नात्यातल्या एका जोडप्यानं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तसंच केलं. काकी सात दिवस किनाऱ्यावर खुर्चीत बसून शहाळी प्यायल्या आणि परत आल्यावर सगळ्यांना म्हणाल्या, "समुद्र काय, कारवारलाबी हाय की."

दुसरा टप्पा नेत्राणी. मुर्डेश्वरपासून समुद्रात साधारण दहा सागरी मैलांवर हे निर्मनुष्य बेट आहे, नौदल त्याच्यावर गोळाबारीचा सराव करतं. बोटीनं तास-दीड तास लागतो. बेळगावहून मुर्डेश्वर रस्त्याप्रमाणे अडीचशे ते तीनशे किलोमीटर, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन मुक्काम हवाच. पाणी मालवणपेक्षा पुष्कळ स्वच्छ, मासे मोठे आणि खर्चही तिप्पट-चौपट. इथं प्रवाळाइतकेच खडकांवरचे माशांचे थवे बघण्यासारखे आहेत. बोट उघड्या समुद्रात उभी असते आणि हेलकावते, त्यामुळं ज्याला चोर्ला घाटात उलटी होते त्यानं पुढचा गोळीचा भाग नीट वाचावा.

गोव्याचं ग्रँड आयलंड एका दिवसात होतं, पण तिथल्या बोटींवर गाणी आणि जेवण यांनाच जास्त मान असतो. ते आवडत असेल तर जरूर जा. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर आंग्रे बँक नावाचा पाण्याखाली बुडालेला मोठा प्रवाळ-पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. ऐकायला फार भारी वाटतं, पण त्याचा माथाच वीस मीटर पाण्याखाली आहे. नवख्यानं नकाशात बघून समाधान मानावं.

मालवण झालं, आवडलं, की मग अंदमान आणि लक्षद्वीप. दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा.

अंदमान सोपं. परवाना लागत नाही, हिंदी चालते, म्हातारी माणसं बरोबर असली तरी जमतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरू, तिथून पोर्ट ब्लेअर. 2024 पासून त्याचं सरकारी नाव श्री विजयपुरम झालंय आणि तिथल्या हॅवलॉक बेटाचं 2018 पासून स्वराज द्वीप, तेव्हा तिकीट काढताना नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका. सेल्युलर जेल आपल्याला बघायचंच असतं. तिथून फेरीबोटीनं हॅवलॉक आणि नील. पोहता न येणाऱ्यांसाठी वंडूरहून सुटणारी जॉली बॉयची दिवसाची सहल उत्तम, काचेच्या तळाच्या होडीतून सगळं दिसतं. ते बेट सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. वर्षाचा काही काळ जॉली बॉय उघडं आणि उरलेला काळ शेजारचं रेडस्किन, अशी पाळी असते. प्लास्टिकची पिशवी, बाटली काही नेता येत नाही.

लक्षद्वीप अवघड, पण प्रवाळ बघायला जावं ते तिथंच. ही बेटंच मुळी प्रवाळाची आहेत. बुडालेल्या ज्वालामुखीच्या कडेनं प्रवाळाचं कडं वाढत गेलं, मध्ये उथळ शांत खाजण उरलं आणि कड्यावर वाळू साचून बेट झालं. छत्तीस बेटं, सगळ्यांची मिळून जमीन फक्त 32 चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या दोन-चार गावांच्या शिवारांत मावेल एवढी. खाजणात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मासे दिसतात. जायचं कोचीहून जहाजानं किंवा आगत्तीला विमानानं. आगत्तीची विमानं कोचीहून असतात, मधूनमधून इतर ठिकाणांहूनही सुरू होतात, तेव्हा गोव्याच्या मोपा विमानतळाकडेही लक्ष ठेवा, तो आपल्याला कोचीपेक्षा कितीतरी जवळचा. रेल्वेनं जायचं तर पूर्णा एक्स्प्रेस बेळगाववरूनच एर्नाकुळमला जाते, पण ती आठवड्यातून एकदाच. तिचा वार आणि जहाजाचा वार जुळला नाही तर मडगावला जाऊन कोकण रेल्वेची दुसरी गाडी धरायची.

दुसरं: कधी?

पावसाळ्यात नाही, हे सांगायला नको. मे अखेरीस मालवणच्या पर्यटक होड्या वर ओढतात, त्या सप्टेंबरात पुन्हा उतरतात. मुर्डेश्वरचंही साधारण तसंच. पण सप्टेंबरात होडी सुरू झाली म्हणजे पाणी निवळलं असं समजू नका. आपल्याच तिलारी खोऱ्यातला, आंबोलीतला गाळ नद्यांनी समुद्रात नेऊन सोडलेला असतो, तो बसायला वेळ लागतो.

इथं सीमाभागातल्या घरांची एक खास अडचण आहे. आमच्या मुलांना मोठी सुट्टी दसऱ्याला, कोल्हापूरच्या मामेभावाच्या मुलांना दिवाळीला. दोन्ही घरं मिळून जायचं म्हटलं की वर्ष निघून जातं. ऑक्टोबरात पाणी गढूळ, नाताळात मालवणला गाडी लावायला जागा नाही. मे महिन्यात पाणी सगळ्यात तापलेलं असतं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्र एखादा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये लक्षद्वीपला ते मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणून मी संक्रांत किंवा 26 जानेवारीला जोडून तीन दिवस काढतो. शाळा एक दिवस बुडते. बुडू दे.

आता पंचांग काढा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी आणि गाळही कमी. मालवणसारख्या गढूळ ठिकाणी एवढ्यानंसुद्धा दोन-तीन मीटरचा फरक पडू शकतो. होडीवाल्याला फोन करून "अष्टमी-नवमीला येतोय" म्हणालात की त्याचा सूरच बदलतो, हा माझा अनुभव आहे. वेळ सकाळची घ्या. दुपारनंतर वारा उठतो.

तिसरं, आणि सगळ्यात दुर्लक्षित: घरी करायची तयारी

"मला पोहता येतं" असं आपल्याकडचा माणूस म्हणतो तेव्हा तो विहिरीत शिकलेला असतो. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून काकानं ढकललेलं, मग हातपाय झाडत कड गाठलेली. मीही तसाच. हे पोहणं जीव वाचवायला पुरतं, पण प्रवाळावर त्याचा उपयोग उलटा होतो. पाय झाडले की वाळू उडते, दिसायचं बंद होतं, आणि एखादी लाथ बसली की दहा वर्षांत वाढलेली फांदी एका क्षणात तुटते. प्रवाळावर लागतं ते निवांत पालथं पडून राहणं.

शहरातल्या कुठल्याही तलावावर चार रविवार पुरतात. पहिल्या रविवारी मास्क आणि स्नॉर्कल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी) लावून गळ्याएवढ्या पाण्यात फक्त तोंड बुडवून तोंडानं श्वास घ्या. पाच मिनिटं. हसू नका, नाकानं श्वास घ्यायची सवय मोडायलाच एक रविवार जातो. दुसऱ्या रविवारी कठडा धरून पालथं तरंगा, तिसऱ्या रविवारी कठडा सोडा. चौथ्या रविवारी स्नॉर्कलमध्ये मुद्दाम पाणी जाऊ द्या आणि "फू" करून ते वर उडवायला शिका. एवढं झालं की समुद्रात लाइफ जॅकेट घालून पोहता न येणारा माणूसही अर्धा तास मजेत राहतो. खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं, ते आणखी सोपं जातं.

मास्क स्वतःचा घ्या, बाकी सगळं भाड्यानं चालतं. दुकानात मास्कचा पट्टा न लावता तो तोंडावर टेकवा आणि नाकानं थोडी हवा ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. नवीन मास्कच्या काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर धुकं धरतं. पाण्यात उतरण्याआधी काचेवर थुंकायचं, चोळायचं, खंगाळायचं. घाण वाटते, पण जगभर हेच करतात. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो.

आता मिशी. माझी मिशी खानापुरी आहे, वडिलांसारखी. मास्कची कड तिच्यावर बसली की फटीतून पाणी झिरपतं, नाकात जातं, आणि सबंध वेळ मासे बघण्याऐवजी नाक शिंकरण्यात जातो. नाकाखालची बोटभर पट्टी भादरा, किंवा मिशीला व्हॅसलिन लावा. मी व्हॅसलिनवाला. बायकांनी मास्कखाली केसांची बट राहत नाही ना ते बघावं, तिनंही तसंच पाणी येतं.

स्कूबा करायचा असेल तर डॉक्टरांना विचारा. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर लपवू नका. डायव्हिंगच्या फॉर्मवर हेच प्रश्न असतात आणि आपली माणसं न वाचता सगळीकडे "नाही"वर टिक करतात. नवख्यांच्या डुबकीला पोहता यावं लागत नाही, वय किमान दहा लागतं, आणि बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी खाली जायचं नाही. का, ते पुढं येतं.

कागद

मालवण-मुर्डेश्वरला आधार पुरे. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, आणि त्यासाठी पोलीस पडताळणीचा दाखला. कर्नाटकात तो सरकारच्या सेवासिंधू या संकेतस्थळावरून मागवता येतो. जायच्या तारखेआधी किमान दोन महिने सुरुवात करा आणि दाखला हातात येईपर्यंत न परतणारी तिकिटं काढू नका.

आपल्याकडं घोटाळा होतो तो नावात. शाळेच्या दाखल्यावर मराठीतून, रेशनकार्डावर कन्नडमधून, आधारवर या दोन्हींतून कुणीतरी इंग्रजीत केलेलं. एकाच घरात तीन भावांची आडनावं तीन प्रकारे लिहिलेली मी पाहिली आहेत. जुन्या कागदांवर गावाचं नाव बेलगाम, 2014 नंतरच्या कागदांवर बेळगावी. गावाच्या नावानं सहसा अडत नाही, माणसाच्या नावानं अडतं. परवान्याचा अर्ज, विमानाचं तिकीट आणि हातातलं ओळखपत्र, तिन्हींवर एकच स्पेलिंग हवं. सगळी ओळखपत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकदा अक्षर-अक्षर वाचा. अर्धा तास लागतो.

लक्षद्वीपमधल्या बहुतेक बेटांवर दारूबंदी आहे, जेवण मासे-नारळाचं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि तरीही घरची शेंगाचटणी बरोबर ठेवा. यजमानांसाठी कुंदा न्यायचा विचार छान आहे, पण उकाड्यात दोन दिवसांच्या वर त्याचा भरवसा नाही. गोकाकचं करदंट टिकतं.

बॅगेत काय

पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग. उन्हापासून आणि जेलीफिशपासून वाचवतो, आणि ओल्या अंगानं लोकांसमोर यायला संकोचणाऱ्या आमच्या घरच्या बायकांना तो एकदम पसंत पडला. साडी किंवा सैल सलवार घालून पाण्यात उतरू नका, पायात गुंडाळते. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या खोलीवरच काढून ठेवा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी गळून पडते कळत नाही. माझी पोवळ्याची अंगठी आज तारकर्लीसमोर कुठंतरी तळाशी आहे. आई म्हणाली, "मंगळ शांत झाला म्हणायचा."

सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून हवाई बेटांनी 2021 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपण कपड्यानं अंग झाका आणि क्रीम फक्त तोंडाला, मानेला लावा, झिंक ऑक्साइडचं.

बोट लागते त्यांनी गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी लागते. या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा स्कूबा करणाऱ्यांनी कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. सकाळी उपाशी जाऊ नका आणि मिसळ खाऊनही जाऊ नका. दोन इडल्या, केळं.

पाण्यात

आंबोलीचा घाट उतरताना कानांना दडे बसतात ना? खाली हवेचा दाब जास्त, कानाच्या पडद्याआड मात्र घाटावरची विरळ हवा. आवंढा गिळला की दडे सुटतात. पाण्यात अगदी तेच होतं, फक्त फार पटकन. अख्खा आंबोली घाट उतरून समुद्रापर्यंत गेल्यावर कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात एका मीटरच्या आतच वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते दुखायच्या आधी. पाण्याच्या पृष्ठभागावरच पहिल्यांदा, मग हातभर खाली गेलं की पुन्हा, पुन्हा हातभर. दुखायला लागलं तर थोडं वर या, फुंका, मग खाली. जोर लावून फुंकू नका. सर्दीत ही वाटच बंद असते, म्हणून मघाशी नको म्हटलं. घाट उतरताना गाडीत सगळ्यांकडून याचा सराव करून घ्या, पोरांना गंमत वाटते.

पाण्याखाली बोलता येत नाही, खुणा असतात. तर्जनी आणि अंगठ्याचं गोल वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". आमचे भावजी हे विसरले. खाली चार मीटरवर इन्स्ट्रक्टरनं खुणेनं विचारलं, ठीक? भावजींनी निवडणुकीच्या पोस्टरसारखा ऐटीत अंगठा दाखवला. तो त्यांना वर घेऊन आला. भावजी म्हणाले, काही नाही, चला खाली. पुन्हा खाली, पुन्हा विचारणा, पुन्हा तोच अंगठा. तिसऱ्यांदा वर आल्यावर त्यांची वेळ संपली होती. व्हिडिओत फक्त बुडबुडे आणि अंगठा.

सिलिंडरनं श्वास घेत असाल तर श्वास कधीही रोखून धरू नका, विशेषतः वर येताना. खालची दाबातली हवा वर येताना फुगते, तिला बाहेर पडायला वाट हवी. एवढा एक नियम घोकून ठेवा, बाकीचं इन्स्ट्रक्टर बघतो.

आणि हात. कशालाही लावायचा नाही. त्यात प्रवाळाची काळजी आहे तशी तुमचीही. काही प्रवाळांना विंचवासारखी आग आहे, दगडासारखा दिसणारा एक मासा खरोखर विषारी असतो, आणि प्रवाळानं ओरखडलं तर जखम आठवडाभर चिघळते. ओरखडलंच तर गोड्या पाण्यानं आणि साबणानं लगेच धुवा. उथळ पाण्यात थकलात तर प्रवाळावर उभे राहू नका, उताणे व्हा आणि तरंगा. मालवणात बरेचजण व्हिडिओत मासे जमावेत म्हणून पाव कुस्करून टाकतात. मला ते आवडत नाही. प्रवाळावरचं शैवाल खाऊन ते साफ ठेवणारे मासे पावाच्या नादी लागतात. "पाव नको" असं आधीच सांगा. मासे थोडे कमी येतील, पण जे येतील ते आपल्या कामात असतील. पोपटमाशाला प्रवाळ कुरतडताना बघा, शांत राहिलात तर करकर ऐकूसुद्धा येते.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे प्रवाळ आहे, मेलेला तुकडा नेणं हाही गुन्हा. अंदमानच्या विमानतळावर बॅगेत तो सापडला की विमान सुटेपर्यंत समजूत घालत बसावं लागतं.

परतताना घाट चढायची घाई नको

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि घाटावर राहणाऱ्या आपल्या लोकांनाच ते सगळ्यात जास्त लागू आहे.

दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि अंगात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला काही तास लागतात. तेवढ्यात तुम्ही आणखी विरळ हवेत गेलात तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं, विरघळलेल्या वायूचे बुडबुडे व्हायला लागतात. म्हणून डायव्हिंगनंतर विमानात बसू नये, हे सगळे सांगतात: एका डुबकीनंतर किमान बारा तास, एकापेक्षा जास्त डुबक्या झाल्या तर अठरा. पण दोन हजार फुटांवर रस्त्यानं जाणंही याच हिशोबात धरतात. आणि बेळगाव आहे जवळजवळ अडीच हजार फुटांवर. आंबोलीचा माथा दोन हजारांच्या वर, हुबळी-धारवाडही तसंच. मुंबई-गोव्याचा माणूस डुबकी मारून घरी जातो तो समुद्रसपाटीवर. आपण जातो घाटमाथ्यावर.

मी नेत्राणीला सकाळी दोन डुबक्या मारून त्याच दुपारी गाडी काढली होती. बोटीवर विचारलं तर "काही होत नाही" म्हणाले. काही झालं नाही हे खरं, पण पुढं अंदमानात दुसऱ्या इन्स्ट्रक्टरला गंमत म्हणून सांगितलं तेव्हा त्यानं मला चांगलंच झापलं. मालवणच्या पाच मीटरवरच्या पंधरा मिनिटांच्या डुबकीत धोका अगदी किरकोळ, तरीही मी आता मुक्काम करतो. नुसतं स्नॉर्कलिंग केलं असेल तर हा प्रश्न येत नाही, संध्याकाळी खुशाल निघा.

म्हणून तीन दिवसांचा बेत असा लावा: शुक्रवारी दुपारी घाट उतरा, शनिवारी सकाळी पाण्यात, शनिवारी रात्री तिथंच मुक्काम, रविवारी न्याहारी करून सावकाश वर. शनिवारची दुपार मोकळी मिळते, त्यात किल्ला बघून होतो. किनाऱ्यावरून होडी, आत दोन तास. डुबकीच्या दिवशी संध्याकाळी दारू नको आणि पाणी भरपूर प्या. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, विचित्र थकवा असं काही वाटलं तर "उन्हानं झालं असेल" म्हणून घाट चढायला लागू नका, खालीच डॉक्टरांकडे जा आणि डायव्हिंग केल्याचं आधी सांगा.

मास्क परतल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवायचा, सावलीत वाळवायचा आणि डब्यात ठेवायचा. माझा गेल्या वर्षी माळ्यावर उंदरानं कुरतडला, म्हणून डब्यात म्हणतोय.